अटॅकनंतर बाबांचं अल्ब्युमिन २.७ आलंय. नक्की काळजी कशाची करायची?

पाऊसवेळ
सोमवार, रात्री १०:५२

बाबा ७९ वर्षांचे, साताऱ्यात असतात. वीसेक वर्षांचा मधुमेह, बीपीची गोळी चालू. मागच्या महिन्यात हार्ट अटॅक येऊन गेला. छातीत कळ वगैरे काही नाही. जिना चढताना धाप लागली, दरदरून घाम आला आणि पायरीवरच बसले. ईसीजी, ट्रोपोनिन (हृदयाच्या इजेची रक्ततपासणी), अँजिओग्राफी, एक स्टेंट, सगळं झालं. आता घरी आहेत, हिंडतात-फिरतात. पण जेवण निम्म्यावर आलंय आणि संध्याकाळी पावलांवर सूज दिसते.

फाइलमधले आकडे असे:
अ‍ॅडमिट झाले त्या दिवशी अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन) ३.०, क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) १.५, हिमोग्लोबिन १०.१.
डिस्चार्जच्या आदल्या दिवशी अल्ब्युमिन २.७, सीआरपी (दाहाची खूण) ४२, एनटी-प्रोबीएनपी (हृदयावरच्या ताणाची खूण) ३९००, हिमोग्लोबिन ९.८.
वजन ५८ किलो.

राउंडला डॉक्टर म्हणाले, "प्रोटीन कमी आहे, खायला घाला," आणि पुढच्या बेडकडे गेले. घरी आल्यापासून तीन तोंडं तीन दिशांना. भावाने प्रोटीन पावडरचा मोठा डबा मागवलाय. आत्या म्हणते किडनीला झेपणार नाही, डाळीसुद्धा बंद करा. शेजारच्या काकूंचं म्हणणं, अल्ब्युमिनची बाटली चढवून घ्या, लगेच तरतरी येते.

मी नेटवर शोधलं तर म्हाताऱ्या पेशंटांत अटॅकच्या वेळी अल्ब्युमिन कमी असेल तर मृत्यूचं प्रमाण जास्त, असंच सगळीकडे लिहिलेलं. तेव्हापासून झोप नाही. हा आकडा वर आणला की धोका कमी होतो का? कसा आणायचा?


शंकासुर
सोमवार, रात्री ११:२०

ताई, आधी काळजी घ्या, मग काळजी करा. बाकी माझा नेहमीचा प्रश्न: आजारी माणसाच्या रक्तात काहीतरी कमी-जास्त असणारच. कशाशीही संबंध जोडता येतो. कमी अल्ब्युमिनमुळे माणसं दगावतात, की जी दगावणार असतात त्यांचं अल्ब्युमिन कमी असतं? जाणकारांनी सांगावं.


नीलमोहर
सोमवार, रात्री ११:३१

वाचत आहे. सासऱ्यांचंही असंच आहे.


स्टेथो
मंगळवार, सकाळी ७:४०

पाऊसवेळ, मी मेडिसिनचा डॉक्टर, आता प्रॅक्टिस बंद केली आहे. बाबांना मी तपासलेलं नाही, त्यामुळे गोळ्यांबद्दल काही बोलणार नाही. आकडे कसे वाचायचे एवढंच सांगतो. थोडं लांबेल.

अल्ब्युमिन लिव्हर बनवतं, रोज साधारण १० ते १५ ग्रॅम. रक्तद्रवातल्या एकूण प्रथिनांत निम्म्याहून जास्त वाटा याचा. डेसीलीटरला ३.५ ते ५ ग्रॅम असलं की ठीक म्हणतात. पाणी रक्तवाहिन्यांच्या आत धरून ठेवणं हे याचं मोठं काम. ते कमी झालं की पाणी बाहेर झिरपतं आणि पाय सुजतात. शिवाय कॅल्शियम आणि बरीचशी औषधं याच्या पाठीवर बसून फिरतात.

आता महत्त्वाचं: एकदा तयार झालेलं अल्ब्युमिन बराच काळ टिकतं. आज रक्तात असलेल्यातलं निम्मं संपायला साधारण तीन आठवडे लागतात. ही गोष्ट डोक्यात ठेवून तुमच्या तारखा बघा. अ‍ॅडमिट झाले त्याच दिवशी ३.० होतं. अटॅकला तेव्हा जेमतेम काही तास झाले असतील. तेवढ्या वेळात लिव्हरने काम पूर्ण थांबवलं असतं तरी आकडा इतका उतरला नसता. म्हणजे ही कमतरता बरीचशी आधीची आहे, अटॅकच्या दिवशी ती फक्त कागदावर आली.

३.० वरून २.७ ही पुढची घसरण मात्र अटॅकनंतरची. हृदयाचा स्नायू मेला की शरीरात दाह पेटतो. लिव्हर त्या गडबडीत सीआरपी, फायब्रिनोजेन असली 'आणीबाणीची' प्रथिनं बनवायला लागतं आणि अल्ब्युमिन मागे पडतं. बारीक रक्तवाहिन्या जास्त झिरपतात, वर सलाइनने रक्त पातळ होतं. सीआरपी अटॅकनंतर दोन-तीन दिवसांनी शिखरावर असतं, तेव्हा तुमचं ४२ त्यात बसू शकतं. लघवीचा किंवा छातीचा जंतुसंसर्ग नव्हता ना, एवढं मात्र विचारून घ्या.

तर राउंडला ऐकलेलं "खायला घाला" चूक नाही, पण अपुरं आहे. अल्ब्युमिन कमी असण्याची कारणं मी विद्यार्थ्यांना या क्रमाने विचारायचो: लघवीतून जातंय का? लिव्हर ठीक आहे का? कुठे जुनाट दाह, संसर्ग, कॅन्सर आहे का? हृदय कमजोर होऊन लिव्हर-आतड्यात रक्त तुंबलंय का? आणि शेवटी, खाणं कमी आहे का? वीस वर्षांचा मधुमेह, क्रिएटिनिन १.५ आणि सुजलेले पाय ऐकल्यावर मी आधी लघवी तपासली असती. फाइलमध्ये लघवीतल्या अल्ब्युमिनचा रिपोर्ट आहे का?

शंकासुर, तुमचा प्रश्न रास्त आहे. बरंचसं उत्तर दुसऱ्या बाजूला झुकतं. कमी अल्ब्युमिन म्हणजे किडनी, लिव्हर, दाह, भूक आणि वय या सगळ्यांचा एका आकड्यात उतरलेला हिशोब. म्हणून ते भाकीत चांगलं करतं. अल्ब्युमिनचे स्वतःचेही काही गुण आहेत, ते ऑक्सिडेशनला आवर घालतं, प्लेटलेट चिकटण्यावर थोडा लगाम ठेवतं, त्यामुळे त्याचा काहीच हात नाही असंही म्हणवत नाही. पण आकडा वर ढकलला की पेशंट वाचतो, हे कुणी दाखवलेलं नाही.


शंकासुर
मंगळवार, सकाळी ९:०५

"दाखवलेलं नाही" म्हणजे करून बघितलं आणि जमलं नाही, की कुणी करूनच बघितलं नाही? दोन्हींत फरक आहे.


केळीची_बाग
मंगळवार, सकाळी ९:४८

मध्येच लिहिते. आईच्या वेळी (८२, अटॅक आणि न्यूमोनिया एकदमच) रोज चिठ्ठी यायची, अल्ब्युमिन १०० मिली आणा. भाऊ मेडिकलच्या फेऱ्या मारायचा. बाटली चढली की दुसऱ्या दिवशी आकडा थोडा वर, तिसऱ्या दिवशी पुन्हा खाली, पुन्हा चिठ्ठी. एका रात्री बाटलीनंतर तिला इतकी धाप लागली की लघवीचं इंजेक्शन देऊन ऑक्सिजन वाढवावा लागला. कशासाठी देताय विचारलं तर "लेव्हल मेंटेन करायची" एवढंच उत्तर. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही. आई त्यातून बाहेर आली, पण तो खर्च गरजेचा होता का हे आजही कळलेलं नाही.


स्टेथो
मंगळवार, दुपारी १:१५

शंकासुर, करून बघितलंय. थेट हार्ट अटॅकच्या म्हाताऱ्या पेशंटांवर मोठी चाचणी मला माहीत नाही, पण शेजारच्या आजारांत झाल्या आहेत.

२००४ ची सेफ चाचणी, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या आयसीयूंमध्ये. जवळपास ७००० पेशंट, अर्ध्यांना अल्ब्युमिनचं द्रावण, अर्ध्यांना साधं सलाइन. २८ दिवसांत अल्ब्युमिनच्या गटात ७२६ दगावले, सलाइनच्या गटात ७२९. अर्थात तिथे आकडा वाढवणं हा हेतू नव्हता, म्हणून दुसरी जास्त कामाची: २०२१ ची अटायर, ब्रिटनमध्ये, लिव्हर सिरोसिसच्या (लिव्हर कायमचं कडक झालेल्या) पेशंटांवर. एका गटात रोज तपासून अल्ब्युमिन ३ ग्रॅमपर्यंत आणायचं, दुसऱ्यात नेहमीचे उपचार. आकडा वाढला. संसर्ग, किडनी, मृत्यू यांत फरक पडला नाही. उलट अल्ब्युमिनच्या गटात फुप्फुसात पाणी होण्याचे प्रकार जास्त.

केळीची_बाग, आईंच्या केसवर मी बोलणं योग्य नाही, पण आकडा तिसऱ्या दिवशी खाली का यायचा ते सांगतो. २० टक्क्यांच्या १०० मिलीच्या बाटलीत २० ग्रॅम अल्ब्युमिन असतं. निरोगी माणसातही रक्तातल्या अल्ब्युमिनचा साधारण ५ टक्के भाग दर तासाला रक्तवाहिन्यांबाहेर पडतो आणि लसिकेतून फिरून परत येतो. दाह असला की बाहेर पडण्याचा वेग फार वाढतो. गळक्या माठात पाणी ओतण्यासारखं आहे ते. आणि जोवर ते आत असतं तोवर बाहेरचं पाणी रक्तात खेचतं. तरुण हृदयाला ते पेलतं, अटॅकने दमलेल्या हृदयाला पेलेलच असं नाही.

बाटली वाईट नाही. सिरोसिसमध्ये पोटातलं पाच लिटरहून जास्त पाणी काढलं की द्यावीच लागते. त्या पाण्यातच संसर्ग झाला तरी देतात. इतरही काही जागा आहेत. 'लेव्हल मेंटेन करणं' त्यांत येत नाही.


लॅबवाली
मंगळवार, रात्री ८:३०

पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. आमच्या टेबलावरून काही गोष्टी.

३.० आणि २.७ एकाच लॅबचे आहेत का बघा. अल्ब्युमिन मोजायला बहुतेक ठिकाणी हिरवा रंग वापरतात, काही ठिकाणी जांभळा. हिरवा रंग ग्लोब्युलिन नावाच्या इतर प्रथिनांनाही थोडा चिकटतो, त्यामुळे अल्ब्युमिन कमी आणि दाह जास्त असलेल्या पेशंटात तो आकडा खऱ्यापेक्षा वर दाखवतो. एका लॅबमधून दुसरीकडे गेलात आणि ०.३ चा फरक आला तर आनंद किंवा दुःख करू नका.

आडवं झोपलेल्या माणसाचं रक्त आणि चालत येऊन खुर्चीत बसलेल्याचं रक्त यांतही फरक पडतो. उभं राहिल्यावर पाणी पायांकडे झिरपतं, प्रथिनं रक्तात दाट होतात. दंडाचा पट्टा जास्त वेळ आवळून ठेवला तरी तेच. हॉस्पिटलमधलं झोपलेलं २.७ घरी आल्यावर न काही करता ३.० होऊ शकतं आणि श्रेय पावडरच्या डब्याला जातं.

ट्रोपोनिनबद्दल एक, कारण नातेवाईक फोनवर हेच घाबरून विचारतात. जुन्या पद्धतीत ०.०४५ लिहायचो, नव्या हाय-सेन्सिटिव्हिटीत तेच ४५ लिहिलं जातं. एकक वेगळं, हजारपटीचा फरक. आकड्याशेजारचं एकक वाचल्याशिवाय तुलना करू नका. ट्रोपोनिन टी आणि ट्रोपोनिन आय यांचे आकडेही एकमेकांशेजारी ठेवता येत नाहीत.


नीलमोहर
मंगळवार, रात्री ९:१०

लॅबवाली, +१. सासऱ्यांचं ट्रोपोनिन तर अटॅक नसताना पॉझिटिव्ह आलं होतं. लॅबची चूक होती का?


स्टेथो
मंगळवार, रात्री १०:००

बहुधा नाही. ट्रोपोनिन हे हृदयाच्या स्नायूतलं प्रथिन, जपानचे सेत्सुरो एबाशी यांनी १९६० च्या दशकात शोधलेलं. वय झालेल्या, किडनी मंदावलेल्या किंवा हृदय जाड झालेल्या माणसात ते एरवीही थोडं वर असतं. म्हणून एका आकड्यावर निदान होत नाही. एक ते तीन तासांनी दुसरा नमुना घेतात आणि चढ-उतार बघतात. चढता असेल तर ताजी इजा, तिथेच स्थिर असेल तर जुनं दुखणं. स्थिर म्हणून दुर्लक्ष करायचं असंही नाही, अशा माणसांना पुढे हृदयाचा त्रास होण्याची शक्यता जास्तच असते.

एनटी-प्रोबीएनपीचंही वयाप्रमाणे बदलतं. दम लागून आलेल्या पेशंटमध्ये हार्ट फेल्युअर आहे असं म्हणायला पन्नाशीच्या आत ४५० च्या वर, ५० ते ७५ मध्ये ९०० च्या वर आणि पंचाहत्तरीनंतर १८०० च्या वर आकडा लागतो. किडनी कमी चालली की तो आणखी वाढतो. पाऊसवेळच्या बाबांचं ३९०० या दोन्ही सवलती देऊनही जास्तच. इको (हृदयाची सोनोग्राफी) झाला असेल, त्यात पंपिंग किती लिहिलंय? माझ्या मते अल्ब्युमिनपेक्षा तो आकडा आज जास्त कामाचा.


थेम्सकाठी
बुधवार, पहाटे ३:२५

इंग्लंडमध्ये हृदयरोग वॉर्डात नर्स आहे, मूळची सांगलीची. रात्रपाळी चालू आहे म्हणून या वेळी.

इथे म्हातारा पेशंट आला की रक्ताच्या रिपोर्टबरोबर आणखी एक गोष्ट फाइलवर चढते: फ्रेल्टी स्कोअर, म्हणजे म्हातारपणी शरीर किती खचलंय त्याचं माप. कॅनडातल्या रॉकवुड यांनी २००५ मध्ये मांडलेली पट्टी, आता ती १ ते ९ अशी वापरतात. प्रश्न साधे. अटॅकच्या दोन आठवडे आधी हे आजोबा स्वतः अंघोळ करायचे का, बाजारात जायचे का, पैशांचा हिशोब ठेवायचे का? मशीन लागत नाही, सुई लागत नाही. धोका मोजायला जगभर वापरतात त्या ग्रेस स्कोअरमध्ये वय, नाडी, बीपी, क्रिएटिनिन वगैरे आठ गोष्टी आहेत, अल्ब्युमिन नाही आणि फ्रेल्टीही नाही.

एक मोठी चाचणी इथलीच, सीनियर-रिटा, २०२४ मध्ये आली. पंचाहत्तरीच्या पुढचे १५१८ पेशंट, सरासरी वय ८२, सगळे एनस्टेमी प्रकारच्या (रक्तवाहिनी बहुधा पूर्ण बंद न होणाऱ्या) अटॅकचे. निम्म्यांची अँजिओग्राफी करून गरज असेल तिथे स्टेंट, निम्म्यांना फक्त औषधं. चारेक वर्षांनी हृदयविकाराने मृत्यू किंवा नवा अटॅक हे एकत्र धरलं तर पहिल्या गटात २५.६ टक्के, दुसऱ्यात २६.३, म्हणजे फरक नाहीच. नुसता नवा, जीवावर न बेतलेला अटॅक मात्र स्टेंटच्या बाजूने कमी, ११.७ विरुद्ध १५ टक्के. विशेष म्हणजे फ्रेल असलेल्या म्हाताऱ्यांनाही यात घेतलं होतं, एरवी त्यांना चाचण्यांतून वगळतात. (रक्तवाहिनी पूर्ण बंद होणाऱ्या स्टेमी अटॅकला हे लागू नाही. तिथे घाई हवीच.)

पाऊसवेळ ताई, काका अटॅकच्या आधी कसे होते? मला त्यांच्या अल्ब्युमिनपेक्षा ते ऐकायचंय.


पाऊसवेळ
बुधवार, सकाळी ८:१२

सगळ्यांचे आभार. अटॅकच्या आधी रोज सकाळी देवळापर्यंत जायचे, बँकेची कामं स्वतः करायचे. पण वर्षभरात वजन उतरलं होतं, शर्ट ढगळ झाले होते. इकोमध्ये पंपिंग ४० टक्के लिहिलंय. लघवीचा साधा रिपोर्ट आहे, त्यात अल्ब्युमिनसमोर अधिकची तीन चिन्हं आहेत. त्यावर कुणी काही बोललं नव्हतं. दोन्ही रिपोर्ट एकाच लॅबचे.


स्टेथो
बुधवार, सकाळी ८:४०

तीन चिन्हं म्हणजे बरंच जातंय. सकाळच्या पहिल्या लघवीत अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो करून घ्या. खर्च थोडा, माहिती फार. आणि तो कागद घेऊनच डॉक्टरांकडे जा. पावडरचा डबा तोवर उघडू नका.


मुगाचं_कढण
बुधवार, सकाळी ११:३०

आहारतज्ज्ञ आहे. स्टेथो सर, डबा बंद ठेवा हे मान्य, पण जेवण निम्म्यावर आलेलं तसंच राहू देऊ नका. पोषणतज्ज्ञांच्या अमेरिकेतल्या संस्थेने, अ‍ॅस्पेनने, २०२१ मध्ये स्पष्ट लिहिलं की अल्ब्युमिनवरून कुपोषण ठरवू नका, ते दाह दाखवतं. अ‍ॅनोरेक्सियाच्या हाडं दिसणाऱ्या मुलींचंही अल्ब्युमिन बऱ्याचदा नॉर्मल येतं. याची दुसरी बाजू लोक विसरतात: ज्याचं अल्ब्युमिन चांगलं आहे तोही उपाशी असू शकतो. वजन, भूक, ढगळ झालेले शर्ट आणि हाताची पकड बघा. ताईंनी शर्टाचं लिहिलंय ते मला रिपोर्टपेक्षा मोठं वाटलं.

वयस्कर माणसाला साधारणपणे किलोमागे १ ते १.२ ग्रॅम प्रोटीन सांगतात. ५८ किलोला साठ-सत्तर ग्रॅम. आपल्याकडच्या आजोबांचं प्रत्यक्षातलं ताट काय असतं? सकाळी चहा-बिस्किट, दुपारी पातळ वरण आणि मऊ भात, चारला चहा, रात्री दूध-भात. पंचवीस-तीस ग्रॅमच्या पुढे जात नाही. एक अंडं ६ ग्रॅम. मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम डाळीचं घट्ट वरण सहा-सात. पाव लिटर दूध ८. पन्नास ग्रॅम पनीर ९. तीस ग्रॅम शेंगदाण्याचं कूट सात-आठ. कवळी असेल तर मुगाचं मऊ धिरडं, दह्यातली कोशिंबीर, पिठलं, मासे खात असतील तर काटे काढलेला मासा. हृदय कमजोर आहे, तेव्हा मीठ हात राखून, पापड-लोणचं नाहीच. नाचणीचं सत्त्व 'ताकदीचं' म्हणून सगळे देतात. नाचणी कॅल्शियमसाठी छान, पण प्रोटीन गव्हापेक्षाही कमी.

सगळं एका जेवणात कोंबू नका, तीन-चार वेळांत वाटा.


शंकासुर
बुधवार, दुपारी १२:१०

खाऊ घालून माणसं वाचतात याचा तरी पुरावा आहे का, की हीही आजीची माया?


मुगाचं_कढण
बुधवार, दुपारी ४:०५

आहे. स्वित्झर्लंडमधली एफर्ट चाचणी, २०१९. कुपोषणाचा धोका असलेले दोन हजारांवर पेशंट. एका गटासाठी प्रत्येकाच्या गरजेप्रमाणे आहार आखला, दुसऱ्याला हॉस्पिटलचं नेहमीचं जेवण. महिन्याभरात मृत्यू ७ टक्के विरुद्ध १० टक्के. सगळेच हृदयाचे पेशंट नव्हते, पण हृदयाचे होते त्यांत. जिंकली ती आखणी, डबा नव्हे: आधी साधं अन्न, ते कमी पडलं तर पेय, त्यानंतर नळी.

डब्याची वेगळी चाचणीही आहे, २०१६ ची नरिश, अटॅक आणि हार्ट फेल्युअरचे कुपोषित वृद्ध त्यात होते. ९० दिवसांत मृत्यू ४.८ टक्के विरुद्ध ९.७. ऐकायला जबरदस्त. पण ज्या मुख्य मुद्द्यासाठी, म्हणजे मृत्यू किंवा पुन्हा भरती हे एकत्र, चाचणी आखली होती त्यात फरक आला नाही, आणि पैसे पेय बनवणाऱ्या कंपनीचे होते. हे तुम्ही विचारण्याआधीच सांगते.


शंकासुर
बुधवार, दुपारी ४:२०

:) माझं काम हलकं केलंत.


स्टेथो
बुधवार, सायंकाळी ६:५०

कढण ताई, सगळं मान्य, एक दुरुस्ती. या बाबांचं वय आणि क्रिएटिनिन १.५ धरलं तर किडनीचा गाळण्याचा वेग मिनिटाला अंदाजे ४५-५० मिलीवर येतो आणि लघवीतून प्रोटीन जातंय. इथे सत्तर ग्रॅमचं लक्ष्य मी डोळे मिटून देणार नाही. जास्त खाल्लेलं प्रोटीन गळतीही वाढवू शकतं. किलोमागे ०.८ ते १ च्या आसपास धरून, वजन आणि क्रिएटिनिन बघत जावं. अर्थात पन्नास ग्रॅमही सध्याच्या पंचवीसच्या दुप्पट होतात. आत्याबाईंना सांगा, डाळ बंद करायची वेळ आलेली नाही.

हिमोग्लोबिन ९.८ वर कुणी बोललं नाही. तेही प्रथिनच, आणि अटॅकमध्ये त्याचं महत्त्व मोठं. २०२३ मध्ये मिंट चाचणी आली: अटॅक आणि पांडुरोग दोन्ही असलेले ३५०० पेशंट, एका गटात रक्त देऊन हिमोग्लोबिन १० च्या वर ठेवलं, दुसऱ्यात ७-८ पर्यंत उतरू दिलं. मृत्यू किंवा नवा अटॅक १४.५ विरुद्ध १६.९ टक्के. संख्याशास्त्राच्या कसोटीला फरक थोडक्यात उतरला नाही, पण बरेच हृदयरोगतज्ज्ञ तेव्हापासून अटॅकच्या पेशंटला रक्त देताना हात आखडता घेत नाहीत. बाबांना आता रक्ताची गरज नाही, पण स्टेंटनंतरच्या रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या चालू असणार, तेव्हा शौचाला काळं होत नाही ना हे विचारा आणि लोहाची तपासणी करून घ्या. त्या गोळ्या मनाने बंद मात्र करू नका.


थेम्सकाठी
गुरुवार, पहाटे ४:१०

खाण्याबरोबर उठवा-बसवाही. निरोगी वृद्धांना दहा दिवस अंथरुणात ठेवलं तर पायांचा जवळपास एक किलो स्नायू गेला, असा अमेरिकेतला छोटा प्रयोग आहे. आणि ते निरोगी होते. आमच्याकडे खुर्चीतून हात न टेकता उठण्याचा सराव पहिल्या आठवड्यातच सुरू करतात. साताऱ्यात कार्डिॲक रिहॅब (अटॅकनंतरच्या देखरेखीखालच्या व्यायामाची सोय) मिळत नसेल तर फिजिओथेरपिस्टला एकदा घरी बोलवा.


पाऊसवेळ
पुढचा मंगळवार, रात्री ९:३०

रेशो २४०० आला. नॉर्मल ३० च्या आत लिहिलंय. आमच्या डॉक्टरांनी किडनीच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी मधुमेहामुळे किडनीच्या गाळणीतून गळती होतेय असं सांगितलं, डोळ्यांचा पडदा तपासायला लावला (तिथेही मधुमेहाच्या खुणा निघाल्या), एक गोळी नवीन दिली, बीपीच्या गोळीचा डोस बदलला आणि दोन आठवड्यांनी पोटॅशियम-क्रिएटिनिन बघायला सांगितलंय. अल्ब्युमिन एवढ्यात पुन्हा करू नका म्हणाले. हेच काही महिने आधी कळलं असतं तर, हा विचार डोक्यातून जात नाही.

भावाचा डबा परत गेला. बाबांना घट्ट वरण आवडत नाही, धिरडं आवडतंय. एक अंडं खातात, आत्या नसताना.


स्टेथो
पुढचा मंगळवार, रात्री १०:१५

योग्य हातांत आहेत. गळती कमी करणाऱ्या या गोळ्यांतल्या काहींनी सुरुवातीला क्रिएटिनिन थोडं वाढलेलं दिसतं, ते अपेक्षित असतं. किती वाढलं तर चालेल हे त्यांच्याकडून आत्ताच विचारून ठेवा, म्हणजे रिपोर्ट बघून कुणी गोळी बंद करणार नाही. सूज रोज सकाळच्या वजनावर मोजा. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर फोन करा, पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका.


वाळवण
बुधवार, सकाळी १०:००

धागा वाचनखूण म्हणून साठवला. माझ्या आईचा (७४, दोन महिन्यांपूर्वी अटॅक) रिपोर्ट आला: अल्ब्युमिन २.६, कॅल्शियम ७.८, त्यापुढे लाल खूण. घरात कॅल्शियमच्या गोळ्यांवरून वाद चालू झालाय. द्यायच्या का?


स्टेथो
बुधवार, दुपारी २:३०

मोजलेलं कॅल्शियम एकूण असतं, त्यातलं जवळपास निम्मं अल्ब्युमिनला बांधलेलं. अल्ब्युमिन कमी असलं की एकूणही कमी दिसतं. ढोबळ हिशोब असा: अल्ब्युमिन ४ पेक्षा जेवढं कमी, त्याला ०.८ ने गुणून कॅल्शियममध्ये मिळवा. ४ वजा २.६ म्हणजे १.४, गुणिले ०.८ म्हणजे १.१. तर ७.८ चे ८.९ झाले, बहुतेक लॅबांत हे नॉर्मलमध्ये बसतं. गोळ्यांची घाई नको. हा हिशोब आजारी म्हाताऱ्यांत चुकतोही, म्हणून हातपायांना मुंग्या, पेटके असतील किंवा ईसीजीत काही निघालं असेल तर आयोनाइज्ड, म्हणजे कशाला न बांधलेलं मोकळं कॅल्शियम तपासून घ्या. आणि लघवीही तपासून घ्या, एव्हाना सवयच झाली असेल सगळ्यांना.


लॅबवाली
बुधवार, दुपारी ३:१०

आयोनाइज्डचा नमुना हवा न लागू देता घ्यावा लागतो आणि लगेच मशीनवर लावावा लागतो. घरी येऊन रक्त नेणाऱ्या मुलाकडून करू नका, आईंना लॅबमध्येच घेऊन जा आणि आधी फोन करून मशीन चालू आहे का ते विचारा.